वऱ्हाडातल्या मुलांचा संध्याकाळचा तास

१९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरले, तेव्हा त्या निमित्ताने अमरावतीचे एक पथक जर्मनीला गेले होते. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे हे पथक पदकांसाठी गेले नव्हते. हुतुतू आणि इतर देशी व्यायामप्रकार युरोपला दाखवायचे, एवढाच त्यांचा हेतू होता. ज्या गावाचे नाव तोवर बाहेरच्या जगाला फार तर कापसामुळे ठाऊक असेल, त्या गावातली ही पोरे लंगोट लावून परक्या देशात उभी राहिली, ही वऱ्हाडाला अभिमानाची गोष्ट आहे आणि आपण ती वारंवार सांगतोही. मला मात्र या गोष्टीच्या अलीकडचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हे मंडळ मुळात निघाले कशासाठी?

वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ साली अमरावतीत हा आखाडा सुरू केला. त्याच्या आधीची वीस वर्षे डोळ्यांपुढे आणा. १८९६-९७चा दुष्काळ, लगेच प्लेगची साथ, मग १८९९-१९००चा तो भयंकर 'छप्पन्या'. वऱ्हाड तेव्हा काळ्या मातीचा श्रीमंत प्रांत म्हणून ओळखला जाई, पण छप्पन्याने त्यालाही सोडले नाही. आखाडा निघाल्यावर चारच वर्षांत इन्फ्लूएंझाची साथ आली. त्या पिढीच्या मनातली भीती एकच होती : आपली मुले किडकिडीत आहेत, वाऱ्याने पडतील अशी आहेत. स्वातंत्र्याची आकांक्षा तर होतीच, पण तिच्या तळाशीही हीच काळजी होती. आखाड्याचा शत्रू अशक्तपणा होता. जोर, बैठका, मल्लखांब, लेझीम, कुस्ती हे सगळे अशक्तपणावरचे उपाय.

आज शंभरहून अधिक वर्षांनी त्याच अमरावतीत, आणि शेजारच्या अकोल्यात, बालरोगतज्ज्ञांकडे वेगळीच तक्रार येते. मूल सात-आठ वर्षांचे आहे, दोन जिने चढले की धापा टाकते, मानेवर काळसर पट्टा दिसतो, शर्टाची बटणे ताणलेली असतात. आजी म्हणते, "पोट्टं खात्यापित्या घरचं हाय, दिसनच ना!" मानेवरचा तो काळा पट्टा मळ समजून घासला जातो. अनेकदा तो मळ नसतो. रक्तातले इन्सुलिन वाढल्याची ती खूण असू शकते.

आकड्यांत फार शिरत नाही, पण दोन-तीन सांगायलाच हवेत. 'लॅन्सेट'मध्ये २०२४ साली आलेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुले १९९० साली सुमारे ४ लाख होती, ती २०२२ साली सुमारे १ कोटी २५ लाख झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील वजनदार मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. त्याच सर्वेक्षणात त्याच वयाची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. 'कुपोषण सरले आणि लठ्ठपणा आला' असे इथे झालेले नाही. एक जाण्याआधीच दुसरा येऊन बसला आहे.

अमरावती जिल्ह्यात हे नकाशावरच दिसते. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले तालुके बालमृत्यू आणि कुपोषणामुळे १९९०च्या दशकापासून बातम्यांत आहेत. तिथून एसटीने काही तासांत अमरावती शहर येते, जिथे खासगी शाळांच्या दारात सुट्टीच्या वेळी वेफर्सची पाकिटे लटकलेली असतात. आपण या दोन गोष्टी दोन वेगळ्या खात्यांच्या मानतो. एक आदिवासी विभागाची, दुसरी खात्यापित्या घरांची. शरीरशास्त्र तसे मानत नाही, आणि हे समजून घ्यायला आपल्याला पुण्याला जावे लागेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंच्या आसपास भरली. तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोंची. आपले बाळ सगळ्याच बाबतीत लहान असेल, असे वाटणे साहजिक होते. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, हे दिसलेच. पण कातडीखालची चरबी, विशेषतः धडावरची, त्या मानाने फारशी कमी नव्हती. हाडकुळे दिसणारे हे बाळ आतून चरबी राखून होते. 'बारीक पण चरबीदार' असे त्याचे वर्णन झाले आणि जगभरच्या वैद्यकाने ते उचलले.

याज्ञिकांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. युडकिन शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र एकाच्या अंगात ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या २१.२ टक्के. जास्त कोणाची, हे सांगायला नकोच.

आईच्या पोटात अन्न तोकडे पडले की वाढणारा जीव काटकसर करतो. मेंदू आधी जपतो, स्नायूंवर कात्री लावतो आणि चरबी अडीअडचणीसाठी बाजूला ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भाची पहिली निम्मी वाढ ज्यांची झाली, ते मुलगे एकोणीस वर्षांचे होऊन सैन्यभरतीला आले तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा जास्त आढळला. हॉलंडची उपासमार काही महिन्यांची होती. आपल्याकडची टंचाई पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि छप्पन्या हा तिच्यातला फक्त सगळ्यांच्या लक्षात राहिलेला टप्पा. तेव्हा मेळघाटात आज सव्वादोन किलोंचे जन्मलेले बाळ उद्या वसतिगृहात किंवा शहरात आले, बसून राहिले आणि पाकिटातले खाऊ लागले, तर मधुमेहाचा धोका त्यालाच अधिक. आणि शहरातले बारीक दिसणारे मूल सुरक्षित आहे, असेही नाही.

म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. मूल सहा वर्षांपुढचे असेल तर त्याच्या उंचीएवढा दोरा घ्या, मधोमध दुमडा आणि तो दुमडलेला दोरा त्याच्या कमरेभोवती लावून पाहा. टोके सहज जुळली तर बरे. जुळत नसतील, तर मूल कितीही 'गोंडस' दिसत असले तरी डॉक्टरांना विचारावे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, या वैद्यकात रूढ असलेल्या मापाचेच हे घरगुती रूप. उपाय मात्र मुलाला उपाशी ठेवणे हा नव्हे. मूल वाढत असते. बहुतेक मुलांच्या बाबतीत वजन काही काळ आहे तिथे थांबले आणि उंची वाढत गेली, तरी पुष्कळ काम होते.

आता हिशेबाचा भाग. तीस किलोंचे मूल अर्धा तास चालले तर पन्नास-साठ कॅलरी खर्ची पडतात. तीस ग्रॅम वेफर्समध्ये दीडशेच्या वर कॅलरी असतात. थंड पेयाच्या दोनशे मिलिलीटरच्या बाटलीत साखरच वीसेक ग्रॅम असते. म्हणजे खाऊन चालायचे आणि चालून फिटवायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. 'खाऊ दे, खेळून जिरवेल' हे वाक्य आजोबांच्या काळात खरे असेल, कारण तेव्हा खाऊ म्हणजे फुटाणे, मुरमुरे, हुरडा, फार तर गुळाचा खडा. वऱ्हाडी खाणे फार सात्त्विक होते, असे मात्र कोणी समजू नये. रोडग्यांवर तुपाची धार असे, गिला वडा तेव्हाही तळलेलाच होता. फरक इतकाच, की तो रोज शाळेच्या दाराशी उभा नसे.

मग खेळायचे कशासाठी, असे कोणी विचारेल. खेळाचे काम निव्वळ कॅलरी जाळणे नाही, म्हणून. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेतो. ज्यांच्या अंगात स्नायू जन्मतःच तोकडे, त्या आपल्या मुलांना या गोष्टीची गरज युरोपातल्या मुलांपेक्षा जास्तच आहे. उड्यांच्या धक्क्यांनी हाडे घट्ट होतात, आणि ती घट्ट करण्याचे वय हेच. रात्री झोप लागते, आणि झोप पुरी न झालेले मूल दुसऱ्या दिवशी जास्त खाते. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठ मिनिटे म्हणजे आपल्या जुन्या हिशेबात संध्याकाळी दिवेलागणीपर्यंतचा वेळ.

त्या वेळात काय चालत असे, ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. आट्यापाट्यांत नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधून छेदणारी सूरपाटी. पळायला लागते थोडे, पण थबकणे, हूल देणे, कंबर वाकवून निसटणे हे शेकडो वेळा. खो-खोत बसणे-उठणे आणि तोंड फिरवून झेप घेणे. हुतुतूत श्वास कोंडून झटापट. लंगडीत सगळा भार एका पायाच्या हाडावर. इटीदांडूत वाकणे, मारणे आणि इटी शोधायला शेताच्या बांधापर्यंत धावणे. डाबडुबली, म्हणजे पुस्तकी मराठीतल्या सूरपारंब्या, या खेळात तर झाडावर चढल्यावाचून गत्यंतर नाही. खांदे आणि मनगटे यांना याहून चांगला व्यायाम कोणत्या जिममध्ये मिळतो, ते मला ठाऊक नाही. मुलींची फुगडी पाच मिनिटे घालून पाहा, मग बोला. या सगळ्या खेळांत हालचाल तुकड्यातुकड्यांची आहे : काही सेकंद जोर, मग दम खाणे, पुन्हा जोर. लहान मूल निसर्गतः असेच हलते. ट्रेडमिलवर वीस मिनिटे एका लयीत चालणे हा प्रौढांचा उद्योग, मुलाला तो कंटाळवाणा वाटतो आणि त्यात त्याची काही चूक नाही.

या खेळांत आणखी एक व्यवस्था होती, तिच्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. ती म्हणजे कच्चा लिंबू. जो लहान आहे, अशक्त आहे किंवा जाडा आहे, ज्याला पळता येत नाही, तोही खेळात घेतला जाई. त्याच्यावर राज्य येत नसे, तो बाद झाला तरी बाद धरत नसत, पण पळायचे त्यानेही. वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप पक्का होई. चिडवाचिडवी असेच, 'ढोल्या' म्हटल्यावाचून कोणी सोडत नसे, तरी मैदानाबाहेर कोणी काढत नसे. लठ्ठ मुलाला हालते ठेवण्याची ही बिनपैशाची योजना कोणा तज्ज्ञाने आखली नव्हती.

आखाडा आणि आजची क्रीडासंस्था यांची रीत याच्या उलट आहे. हा दोष नव्हे, ते त्यांचे कामच आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये उभी केली, खेळाडू आणि शिक्षक घडवले. पण जिथे स्पर्धा आहे तिथे निवड आहे, आणि निवडीत जाडा मुलगा पहिल्याच दिवशी गळतो. शाळेतही तेच. पीटीचे सर आंतरशालेय संघ तयार करण्यात गुंतलेले, वर्गातली बाकीची चाळीस मुले कडेला बसून टाळ्या वाजवतात. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. मराठीत इतके मोठे काम झाले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पण दहा खंडांच्या त्या वैभवाकडे पाहतानाही मनात येते, की वऱ्हाडातल्या सामान्य पोराचे अंग घडवले ते कोशाने नाही, आखाड्यानेही नाही. ते घडवले मालक नसलेल्या मैदानाने आणि कोणाचाही दावा नसलेल्या संध्याकाळीने.

ती संध्याकाळ गेली कुठे? मोबाइलला दोष देणे सोपे आहे, आणि तो निर्दोष नाहीच. पण मोबाइल रिकाम्या जागेत शिरला. जागा आधी शिकवणीने रिकामी केली. अकोला हे आज अमरावती विभागातले शिकवण्यांचे मोठे केंद्र आहे. बुलढाणा, वाशीमपासून मुले तिथे येऊन राहतात. डॉक्टर-इंजिनिअर होण्याची ही धडपड समजण्यासारखी आहे. कोरडवाहू शेतीच्या भरवशावर बसलेल्या घराला दुसरी वाट कोणती? पण ती वाट आता पाचवी-सहावीपासून सुरू होते आणि तिची वेळ नेमकी साडेपाच ते साडेसातची. शाळेला जाणेही पायांचे राहिले नाही. ऑटोत दहा-बारा दप्तरे आणि तितकीच मुले. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुले घोळक्याने पायी शाळेत जातात आणि तिथला बाल-लठ्ठपणा श्रीमंत देशांत सर्वांत कमी असणाऱ्यांपैकी आहे. आपल्याकडे मूल पायी पाठवायचे तर आधी पदपथ शोधावा लागेल.

आणि ऊन. पुण्या-मुंबईची सल्ल्याची पुस्तके हे लक्षात घेत नाहीत. अकोल्याचा पारा मे महिन्यात सत्तेचाळीसच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. बेचाळीस-त्रेचाळीस तर रोजचेच. म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनअखेरीस उघडतात. एप्रिल ते जून ही तीन महिन्यांची घरबंदी, कूलरसमोर, हाताशी फ्रिज. उन्हाळ्यात साडेपाच ते साडेसात ही सकाळ आणि सूर्य मावळल्यानंतरचा दीड तास, एवढ्याच दोन वेळा खेळायच्या. अमरावतीत मंडळाची उन्हाळी शिबिरे पहाटे भरतात, ती उगाच नाही. वाड्याच्या ओसरीत दुपारी चालणारे चंफुल, गोट्या, भवरे हे बैठे खेळ याच उन्हाने घडवले. संध्याकाळ मोकळी असे, तोवर दुपारी बसून राहिल्याने काही बिघडत नव्हते.

मुलींचा प्रश्न वेगळा आणि जास्त कठीण. ११ ते १७ वयाच्या मुलांमुलींच्या हालचालीवर २०१९ साली एक जागतिक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पुरेशी हालचाल न करणाऱ्या मुलींचे प्रमाण ८५ टक्के निघाले, मुलांचे ७८. आपल्याकडे सातवी-आठवीत मुलगी मैदानावरून घरात येते ती कायमची. कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत : मैदानावर स्वच्छतागृह नाही, पाळी आलेली, कट्ट्यावर बसलेली टवाळ पोरे, आणि 'आता मोठी झालीस' हे वाक्य. भुलाबाईच्या दिवसांत, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, मुली रोज संध्याकाळी घराबाहेर पडत, गल्लीत दहा घरी जात. गाणी होत, टिपऱ्या होत. तो व्यायाम फारसा नव्हे, पण संध्याकाळी मुलीने बाहेर असण्याला त्यात समाजाची मान्यता होती. मला ही मान्यताच मोलाची वाटते. तीच मुलगी पुढे आई होते, आणि पुण्याच्या त्या सहा खेड्यांचा धडा असा, की बाळाच्या अंगाचा हिशेब तिच्या अंगापासून सुरू होतो.

कायदे आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे असे आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या पन्नास मीटरच्या आत अति साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ विकता येत नाहीत. पन्नास मीटर म्हणजे साठ-पासष्ट पावले. कोणीही शाळेच्या फाटकातून मोजत निघावे. सीबीएसईने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. कारण झोपेचे होते आणि ते योग्यच, पण त्यातून लहान मुलांच्या सकाळी थोडी जागा निघाली आहे. तिथे नवी शिकवणी शिरली नाही म्हणजे मिळवली.

राहता राहिले मैदान. अमरावती आणि अकोल्यात मैदानांची वानवा आहे, असे आपण म्हणतो. सायन्सकोर मैदानावर प्रदर्शने आणि सभा, मोकळ्या ले-आउटवर मंगल कार्यालये, हे खरेच. पण शाळांची मैदाने आहेत. जिल्हा परिषदेची आहेत, नगरपालिकेची आहेत, जुन्या शिक्षणसंस्थांची तर ऐसपैस आहेत. शाळा सुटली की त्यांच्या फाटकाला कुलूप लागते आणि भिंतीच्या बाहेर रस्त्यावर, वाहनांच्या मधून, पोरे क्रिकेट खेळतात. फाटक सात वाजेपर्यंत उघडे ठेवायचे तर एक चौकीदार, दोन दिवे, पाण्याचा नळ आणि मुलींसाठी स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे राहील याचा निर्णय लागेल. कोणी पडले, लागले तर जबाबदारी कोणाची, हा मुख्याध्यापकांचा प्रश्नही रास्त आहे. तो शाळा व्यवस्थापन समितीने पालकांकडून लेखी घेऊन सोडवता येतो. समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर समितीची बैठक होईल, तेव्हा हा एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर घालायला अर्जाचे एक पान पुरते.